मॉडेलवर बाग होती, आता तिथे पत्र्याचं कुंपण का? वाढत्या भागातल्या वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेली बहुतेक पत्रं शहराच्या कडेच्या भागातली आहेत, जिथे काल शेत होतं, आज टॉवर आहे आणि रस्ता अजून यायचाय. प्रश्न वेगवेगळे असले तरी अडचण बऱ्याच जणांची सारखीच आहे, कोणती गोष्ट कुठल्या कागदावर ठरते तेच कुणी सांगत नाही. म्हणून उत्तरं थोडी सविस्तर देतेय. नियम महाराष्ट्रातले आहेत, आणि प्रत्यक्ष केस लढायची वेळ आली तर वकिलाला कागद दाखवूनच पुढे जा.

प्रश्न: फ्लॅट घेताना सेल्स ऑफिसमधल्या मॉडेलवर आमच्या बिल्डिंगसमोर हिरवा पट्टा होता, झाडं, घसरगुंडी आणि 'गार्डन' अशी पाटी. बाल्कनी त्या बाजूची म्हणून आम्ही जास्त पैसे मोजले. आता तिथे पत्रे ठोकलेत, आत सळया पडल्यात आणि वॉचमन म्हणतो इथे कमर्शियल येणार. बिल्डरच्या ऑफिसात विचारलं तर म्हणाले ते गार्डन आमचं नव्हतंच, कॉर्पोरेशनचं होतं. मुलं पार्किंगमध्ये खेळतात आणि रोज कुणाच्या तरी गाडीवरून भांडण. आता काय करायचं? (नव्या सोसायटीतली एक आई)

उत्तर: ताई, आधी एक गोष्ट वेगळी करून घेऊ, कारण यातच सगळ्यांची फसगत होते. बाग दोन प्रकारची असते. एक तुमच्या लेआउटमधली मोकळी जागा, म्हणजे ओपन स्पेस, जी बिल्डरला स्वतःच्या प्लॉटमध्ये सोडावी लागते. राज्यात मुंबई सोडून बहुतेक ठिकाणी २०२० च्या डिसेंबरपासून जी एकत्रित नियमावली लागू आहे, यूडीसीपीआर म्हणतात ती, तिच्यात ४००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जागेवर १० टक्के मोकळी जागा सोडायला सांगितलंय. दुसरी बाग म्हणजे विकास आराखड्यातलं, डीपीतलं आरक्षण. ती जमीन बहुतेक वेळा तिसऱ्याच कुणाच्या मालकीची असते, त्यावर महापालिकेने फक्त 'इथे उद्यान होणार' असं नकाशात रंगवलेलं असतं. तुमच्या मॉडेलवर दाखवलेली बाग या दुसऱ्या प्रकारची दिसतेय.

आणि आरक्षण म्हणजे बाग झाली असं नाही, हे कुणी फ्लॅट घेताना सांगत नाही. महापालिकेला ती जमीन ताब्यात घ्यावी लागते, एकतर पैसे देऊन किंवा मालकाला टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता येणारा बांधकामाचा हक्क, देऊन, आणि वाढत्या भागात जमिनीचे भाव इतके चढतात की पैसे नाहीत म्हणून फाइल वर्षानुवर्षं पडून राहते. इकडे एमआरटीपी कायद्याचं, म्हणजे १९६६ च्या नगररचना कायद्याचं कलम १२७ आहे. अंतिम आराखडा लागू झाल्यापासून १० वर्षांत जमीन घेतली नाही तर मालक महापालिकेला खरेदीची नोटीस देऊ शकतो, आणि नोटिशीनंतर २४ महिन्यांत जमीन घेतली नाही किंवा तशी पावलं उचलली नाहीत तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे निघून जातं. मग शेजारच्या जमिनीवर जे बांधता येतं ते त्या मालकालाही बांधता येतं. मालकाच्या बाजूने बघितलं तर हे कलम बरोबर आहे, वर्षानुवर्षं कुणाची जमीन अडवून ठेवायची आणि पैसेही द्यायचे नाहीत हा अन्यायच आहे. पण त्या २४ महिन्यांत आजूबाजूच्या लोकांना काहीच कळत नाही, आणि कळतं तेव्हा पत्रे ठोकलेले असतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

दुसरी वाट कलम ३७ ची. महापालिका राज्य सरकारच्या मंजुरीने आराखड्यात किरकोळ फेरबदल करून आरक्षण बदलू किंवा हलवू शकते, पण त्यासाठी राजपत्रात आणि पेपरात सूचना देऊन लोकांच्या हरकती मागवाव्या लागतात, एक महिन्याची मुदत असते. ती सूचना पेपरच्या आतल्या पानावर बारीक अक्षरात येते, सर्व्हे नंबर आणि आरक्षण क्रमांक लिहून. आपल्या सर्व्हे नंबरचा आकडाच ज्याला माहीत नाही तो ती वाचून पान उलटतो.

म्हणून आता करायचं असं. नगर रचना विभागातून त्या जागेचा झोन दाखला आणि भाग नकाशा काढा, त्यावर आरक्षण क्रमांक असतो. मग माहिती अधिकारात अर्ज टाका, फी १० रुपये, उत्तर द्यायला ३० दिवसांची मुदत. अर्जात 'गार्डनचं काय झालं' असं मोघम विचारू नका, नेमकं विचारा: या क्रमांकाचं आरक्षण आज कायम आहे का, मालकाची खरेदी नोटीस आली का आणि कोणत्या तारखेला, भूसंपादन किंवा टीडीआरची कार्यवाही कुठवर आली, कलम ३७ खाली प्रस्ताव आहे का, आणि तिथे बांधकाम परवानगी दिली असेल तर तिची आणि मंजूर नकाशाची प्रत. २४ महिने संपायचे असतील तर अजून हातात काहीतरी आहे, सोसायट्यांनी मिळून आयुक्तांकडे आणि नगरसेवकाकडे जाऊन संपादन सुरू करायला लावता येतं, आणि तसं झालेलं आहे. मुदत उलटून परवानगी निघाली असेल तर मात्र बाग परत येणं अवघड आहे, खोटी आशा लावत नाही.

बिल्डरचं राहिलं. रेरा, म्हणजे बिल्डर आणि घर घेणाऱ्यांच्या व्यवहाराचा कायदा, त्याच्या कलम १२ प्रमाणे जाहिरातीत, माहितीपत्रकात किंवा नमुना दाखवून चुकीचं सांगितलं आणि त्यावर विसंबून माणसाने पैसे भरून नुकसान सोसलं तर भरपाई मागता येते. तेव्हाचं ब्रोशर, मॉडेलचे मोबाइलवर काढलेले फोटो, सेल्सवाल्याचे मेसेज, आणि त्या बाजूच्या बाल्कनीसाठी जादा पैसे घेतल्याची पावती किंवा कोटेशन, हे सगळं एका ठिकाणी जमवा. 'गार्डन फेसिंग' असं पावतीवर लिहिलेलं असेल तर ते फार मोलाचं आहे. आणि हे सगळं चालू असतानाच तुमच्या स्वतःच्या लेआउटमधली १० टक्के जागा मंजूर नकाशावर कुठे आहे ते शोधा, कारण बऱ्याच ठिकाणी ती जागा असते पण तिथे व्हिजिटर पार्किंगचे पट्टे मारलेले असतात. मुलांना खेळायला ती जागा उद्यापासून मिळू शकते.

प्रश्न: आमच्या प्रोजेक्टमध्ये क्लबहाउस आणि स्विमिंग पूल फेज दोनमध्ये होणार होता. आता बिल्डर म्हणतो तिथे अजून एक बिल्डिंग येणार आणि क्लबहाउस तिच्या टेरेसवर. सगळ्यांना एक संमतीचा फॉर्म पाठवलाय, सही करून द्या म्हणे, नाही दिली तर पझेशन लांबेल. ॲग्रीमेंटमध्ये आधीच लिहिलंय की प्लॅन बदलायला आमची संमती आहे. मग या सहीला अर्थ काय? (अजून ताबा न मिळालेला एक वाचक)

उत्तर: अर्थ आहे, म्हणून तर फॉर्म पाठवलाय. रेराच्या कलम १४ प्रमाणे मंजूर लेआउट आणि कॉमन जागांमध्ये बदल करायचा तर किमान दोन तृतीयांश फ्लॅटधारकांची आधी लेखी संमती लागते, बिल्डरचे स्वतःचे फ्लॅट यात धरत नाहीत, आणि एकाने पाच फ्लॅट घेतले असले तरी त्याचं मत एकच. ॲग्रीमेंटमधल्या त्या सरसकट संमतीबद्दल सांगायचं तर, मोफा, म्हणजे रेराच्या आधीपासूनचा महाराष्ट्राचा फ्लॅट कायदा, त्याच्याखालच्या प्रकरणांत मुंबई उच्च न्यायालयाने म्हटलंय की नेमका काय बदल होणार हे समोर ठेवून घेतलेली संमतीच खरी, आधीच घेऊन ठेवलेली मोघम सही चालत नाही. अपवाद एवढाच की ती जादा बिल्डिंग पहिल्यापासून लेआउटमध्ये उघड दाखवलेली असेल तर तुमची बाजू कमजोर होते, म्हणून महारेराच्या, म्हणजे रेराच्या राज्यातल्या प्राधिकरणाच्या, साइटवर तुमच्या प्रोजेक्टच्या पानावर जाऊन नोंदणीच्या वेळचा लेआउट उघडा आणि आताच्या फॉर्मबरोबरच्या नकाशाशी ताडून बघा. २०२३ च्या ऑगस्टपासून जाहिरातीवर क्यूआर कोड छापणं बंधनकारक आहे, तो स्कॅन केला की थेट त्याच पानावर जाता येतं.

सही करायची की नाही हे तुम्ही ठरवा, पण एकेकट्याने ठरवू नका. सगळ्या बुकिंगवाल्यांचा ग्रुप करा आणि बिल्डरला एकत्र लेखी विचारा की नव्या बिल्डिंगमध्ये किती फ्लॅट, त्यामुळे माणसागणिक मोकळी जागा किती उरणार, पाण्याची टाकी आणि पार्किंग वाढणार का. क्लबहाउस टेरेसवर गेलं याहून मला जास्त काळजी याची वाटते की शंभर कुटुंबांसाठी आखलेल्या पाण्यावर आणि लिफ्टवर दीडशे कुटुंबं येतील. सही न देणाऱ्याचं पझेशन अडवता येत नाही. ताब्याची तारीख ॲग्रीमेंटमध्ये लिहिलेली असते, ती उलटली तर व्याज मागायचा हक्क तुमचा आहे.

प्रश्न: आमच्याकडे महापालिकेचं पाणी नाही, फक्त टँकर. उन्हाळ्यात मेंटेनन्सचा निम्मा पैसा टँकरवर जातो. टॅक्स मात्र महापालिका घेते. आम्ही कुणाला धरायचं? (सोसायटीचे सेक्रेटरी)

उत्तर: सेक्रेटरी साहेब, शहरांसाठी केंद्राच्या मानकांप्रमाणे माणशी दिवसाला १३५ लिटर धरतात, म्हणजे चार जणांच्या घराला ५४० लिटर. हा आकडा डोक्यात ठेवून आधी तुमची गरज काढा, कारण 'पाणी नाही' असं म्हटलं की अधिकारी मान हलवतात आणि 'अमुक इतकी कुटुंबं, रोज इतकं पाणी लागतं, मिळतं शून्य' असं म्हटलं की कागदावर नोंद करावी लागते. टँकरची वही ठेवा, तारीख, किती हजार लिटर, कुठून भरला, बिल. आज ती कटकट वाटते पण उद्या तोच पुरावा आहे.

आता धरायचं कुणाला. बांधकाम परवानगीची फाइल माहिती अधिकारात मागवा आणि तिच्यातल्या अटी एकेक करून वाचा. महापालिकेची लाइन पोचलेली नाही अशा भागात परवानगी देताना बऱ्याचदा बिल्डरकडून हमीपत्र घेतलेलं असतं की पालिकेचं पाणी येईपर्यंत मी माझ्या खर्चाने पिण्याचं पाणी पुरवीन. स्टँपपेपरवरचं एक पान असतं ते, आणि सोसायटी ताब्यात घेताना ते कुणी दाखवत नाही. असं हमीपत्र सापडलं तर त्याची प्रत लावून बिल्डरला नोटीस द्या आणि पालिकेलाही लिहा की ही अट तुम्हीच घातली, आता ती पाळली जातेय का ते बघणंही तुमचंच काम आहे. सोसायटीकडे कारभार आलेला नसेल तर रेराप्रमाणे आवश्यक सेवा पुरवायची जबाबदारी तसंही बिल्डरचीच असते, वाजवी खर्च घेऊन. वाजवी म्हणजे काय यावर भांडता येतं.

आणि पावसाचं पाणी मुरवायचे खड्डे बिल्डरने केलेत का ते स्वतः झाकण उघडून बघा. मी पाहिलेल्या कितीतरी सोसायट्यांमध्ये गच्चीवरचा पाइप खाली येतो आणि तो खड्ड्याला जोडलेलाच नसतो, पाणी सरळ गटारात जातं, आणि त्याच सोसायटीचं बोअर फेब्रुवारीत आटतं. एका प्लंबरचं काम आहे, पावसाळ्याआधी करून घ्या.

प्रश्न: मी इथलाच, सोसायट्या यायच्या आधीपासूनचा. आमच्या शेताकडे जाणारी पाणंद होती, वडलांच्या काळापासून बैलगाडी जायची. आता मध्ये सोसायटी झाली, तिने गेट बसवलं आणि वॉचमन मला माझ्याच शेताकडे जाताना रजिस्टरमध्ये सही करायला लावतो. गाव महापालिकेत गेलं, आता तलाठ्याकडे जायचं का वॉर्ड ऑफिसला? (गावठाणातले एक शेतकरी)

उत्तर: काका, तुमचं पत्र दोनदा वाचलं. नव्या भागांबद्दल बोलताना सगळे सोसायटीतल्या लोकांच्या गैरसोयी सांगतात, ज्यांच्या जमिनीवर हा भाग उभा राहिला त्यांच्या वाटा बंद झाल्या हे फार कमी लोक लिहितात.

पहिलं काम गाव नकाशा काढायचं, भूमी अभिलेख कार्यालयातून. जुन्या गाव नकाशावर गाडीमार्ग दोन तुटक रेषांनी दाखवलेला असतो आणि पायवाट एका तुटक रेषेने. तुमची पाणंद तशी दिसत असेल तर ती सोसायटीच्या नकाशावर असो वा नसो, तो रस्ता आहे, आणि नकाशावरचा रस्ता गेट लावून कुणालाही बंद करता येत नाही. जमीन अजून शेतीची असेल तर तहसीलदाराकडे मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली अर्ज करता येतो, अडथळा काढून टाका म्हणून. पण यात मुदत महत्त्वाची, अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा करायला हवा. म्हणून गेट कधी बसलं ती तारीख पक्की करा आणि उशीर करू नका. मुदत गेली असेल तर दिवाणी कोर्टात वहिवाटीचा हक्क मागता येतो, त्याला वेळ लागतो, पण दाद मागायची सोय संपत नाही. नकाशावर रस्ता नसेल आणि शेताला दुसरी वाटच नसेल तर जमीन महसूल संहितेचं कलम १४३ आहे, त्यात तहसीलदार बांधावरून रस्ता देऊ शकतो.

गाव पालिकेत गेलं तरी जमिनीचे हे कागद महसूल खात्याकडेच राहतात, म्हणून आधी तलाठी आणि तहसीलदार. वॉर्ड ऑफिसलाही एक अर्ज द्या, की सोसायटीच्या मंजूर नकाशात ही वाट दाखवली होती का. दाखवली असेल तर गेट हेच मंजूर नकाशाच्या विरुद्ध ठरतं. आणि हे सगळं करण्याआधी सोसायटीच्या कमिटीला गाव नकाशाची झेरॉक्स घेऊन एकदा भेटा. बहुतेकांना माहीतच नसतं की आपण काय अडवलंय, फ्लॅट घेताना त्यांना फक्त 'गेटेड' एवढंच सांगितलेलं असतं. नकाशा समोर ठेवला की बरीच माणसं ऐकतात.

सोसायट्यांमधल्या वाचकांनाही सांगते, तुमच्या आवारातून जाणारा डीपी रोड असेल तर त्यालाही हेच लागू आहे. 'बाहेरचे लोक येतात' हे रस्ता बंद करायचं कारण होत नाही.

प्रश्न: गेटबाहेर भाजीवाले, चहावाले, इस्त्रीवाला बसायला लागलेत. काही मेंबर म्हणतात भाग खराब दिसतो, पालिकेला सांगून उठवा. माझं मत वेगळं आहे पण मुद्दा कसा मांडू? (कमिटीतल्या एक सभासद)

उत्तर: मुद्दा असा मांडा की नव्या भागात दुकानं यायला वर्षं जातात, तोवर वयस्कर माणसाला चालत जाऊन भाजी मिळते ती या लोकांमुळे, आणि संध्याकाळी रस्त्यावर दिवा आणि माणूस असतो तोही यांच्यामुळे. कायदाही त्यांच्या बाजूने आहे. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याप्रमाणे सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रं दिली जाईपर्यंत विक्रेत्यांना उठवता येत नाही, नंतरही हलवायचं तर ३० दिवसांची नोटीस लागते. कुठे बसायचं ते ठरवायला शहर फेरीवाला समिती असते, तिच्यात किमान ४० टक्के विक्रेत्यांचे निवडून आलेले प्रतिनिधी असतात, आणि रहिवासी संघटनांनाही जागा असते. तुमच्या सोसायटीला फुटपाथ मोकळा हवा असेल तर तिथे जाऊन सांगता येतं की गेटच्या दोन्ही बाजूला इतकी जागा सोडा आणि पलीकडच्या भिंतीलगत ओटे करा. हटवा म्हणण्यापेक्षा हे मागणं मिळायची शक्यता कितीतरी जास्त आहे.

प्रश्न: समोर २२ मजली टॉवर येतोय. आमचं ऊन आणि टेकडीचा व्ह्यू जाणार. थांबवता येईल? (चौथ्या मजल्यावरचे वाचक)

उत्तर: व्ह्यूसाठी नाही, तो हक्क कायद्यात नाही. उजेड आणि हवेचा हक्क १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात आहे, पण त्याच खिडकीतून २० वर्षं सलग, विनाअडथळा उजेड घेतलेला असेल तरच, त्यामुळे नव्या बिल्डिंगला तो मिळत नाही. तुम्ही एवढं नक्की बघा की समोरच्याने मंजूर नकाशाप्रमाणे साइड मार्जिन, म्हणजे बिल्डिंगच्या बाजूची मोकळी जागा, सोडलंय का. उंच बिल्डिंगला जास्त मार्जिन सोडावं लागतं, आणि तिथे चोरी झाली तर लेखी तक्रार करा, ती प्लिंथ लेव्हललाच, म्हणजे काम जोत्यापर्यंत आलेलं असतानाच, केलेली बरी, वर मजले चढल्यावर कुणी पाडत नाही.

प्रश्न: रात्री एक वाजता स्लॅबचं काम चालतं, व्हायब्रेटरचा आवाज. बाळ झोपत नाही. (एक बाबा)

उत्तर: ध्वनी प्रदूषण नियमांप्रमाणे रहिवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ आवाज करणारी बांधकामाची यंत्रं चालवायला बंदी आहे. आवाज चालू असतानाच ११२ ला फोन करा, वेळ दिसेल असा व्हिडिओ काढा, आणि दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात व पालिकेच्या बांधकाम विभागात लेखी अर्ज देऊन पोच घ्या. तोंडी सांगून आठवडाभर थांबतात, मग परत सुरू.

प्रश्न: आम्हाला मोठं काही नको. बसस्टॉपला बाक आणि वर पत्रा, आणि वळणावर दोन दिवे. एवढ्यासाठी कुणाकडे जायचं? (रोज बसने जाणारी एक विद्यार्थिनी)

उत्तर: हे तर व्हायलाच पाहिजे, आणि अशाच कामांसाठी पैसे बाजूला ठेवायची पद्धत आहे. पुणे महापालिका २००६ पासून अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामं मागवते, बाक, फुटपाथ, दिवे अशी छोटी छोटी, वॉर्ड ऑफिसच्या पातळीवर. पुण्यात असशील तर तो अर्ज भर, दुसऱ्या शहरात असशील तर क्षेत्रीय कार्यालयात विचार की पुढच्या अंदाजपत्रकासाठी प्रभागातली कामं कधी गोळा करतात. अंदाजपत्रक मार्चच्या आधी तयार होतं, त्यामुळे दिवाळीच्या बराच आधी अर्ज गेलेला बरा. अर्जात जागा नीट लिही, जवळच्या विजेच्या खांबाचा नंबर टाक, खांबावर रंगाने लिहिलेला असतो बघ, त्याने इंजिनिअरला जागा शोधत बसावं लागत नाही. अंधारातला एक फोटो जोड, आणि त्या स्टॉपवर रोज थांबणाऱ्या बाकीच्यांच्या सह्या घे.